टेक्सासची कोंबडी आणि आमचा मेन स्विच

माझी धाकटी जाऊ टेक्सासहून आली तेव्हा तिच्या एका बॅगेत फक्त एक भांडं होतं. जाड चिनी मातीचं, काचेच्या झाकणाचं, बुडाशी विजेची शेगडी असलेलं, आणि इतकं जड की विमान अख्खा समुद्र एका अंगावर कलून आलं असणार. विमानतळावर ती बॅग उचलायला माझा नवरा, दीर आणि एक अनोळखी पैलवान असे तिघे लागले. घरी आणून ओट्यावर ठेवली, तर ओटा कण्हला. मी ऐकलंय.

जाऊ म्हणाली, तिकडे सगळ्या घरांत हेच चालतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत, कोणाला म्हणून वेळ नाही. सकाळी कच्ची कोंबडी, टोमॅटो, शिजवलेला राजमा, मक्याचे दाणे आणि मसाला भांड्यात ओतायचा, झाकण ठेवायचं, बटण फिरवायचं आणि चालू पडायचं. संध्याकाळी यायचं ते थेट जेवायलाच. मी विचारलं, मग ढवळतं कोण? कोणीच नाही. करपलं तर? करपत नाही. मला वाटलं, अमेरिकेत राहून पोरगी थापा मारायला शिकली. आमच्या घरात साधा चहासुद्धा तिघांनी ढवळल्याशिवाय उकळत नाही.

त्या भांड्याला तिकडची निम्म्या दाबाची वीज लागते, म्हणून सोबत विटेएवढा एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर आला होता. इथे सासरेबुवांचं सांगायला हवं. त्यांनी उभी हयात कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवण्यात घालवली. बंगल्याएवढे ट्रान्सफॉर्मर. एक बाहेर निघाला की रस्त्यावरची झाडं आपसूक बाजूला सरत. अशा माणसाने तो विटेएवढा डबा दोन्ही हातांत उचलला, कानाशी नेला, त्याची घरघर ऐकली आणि म्हणाले, "लहान आहे, पण आपल्या घराण्यातला आहे." कोंबडीची चौकशी त्यांनी केली नाही.

जाऊ परत गेली आणि भांडं माळ्यावर गेलं. ते तिथेच राहिलं असतं, पण मला नाटकात काम मिळालं.

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मी वर्षानुवर्षं होते, फक्त कोणाला दिसत नव्हते. एकदा मी पडद्यामागून येणारी हाक होते. एकदा खिडकीतून बाहेर पडणारा हात. एकदा तर नायकाच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा फोटो होते, आणि फोटो फार बोलका वाटला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वर्षी मात्र दिग्दर्शकांनी मला वकीलबाईचं काम दिलं. काळा कोट, तिन्ही अंकांत प्रवेश, आणि शेवटी कोर्टातलं एक भाषण, जे ऐकून न्यायाधीशाने डोळे पुसायचे आहेत. तालमी बुधवारी संध्याकाळी. दोन तालमी चुकल्या की काम दुसऱ्याला, असा दिग्दर्शकांचा नियम. माझी पहिलीच चुकली होती.

आणि दुसरी कोण, तेही ठरलेलं होतं. चार इमलीतल्या, म्हणजे सरकारी बंगल्यांच्या वस्तीतल्या, एका बड्या साहेबांची बायको. घरात स्वयंपाकी, माळी, शिपाई. त्यांना बुधवार आणि मंगळवार यांत फरक करायचं कारणच नाही. पहिल्या तालमीला मी नव्हते तर त्यांनी माझे संवाद वाचून दाखवले. नंतर भाजी मंडईत भेटल्या आणि पालकाची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, "तुम्हाला नाहीच जमलं तर अडायला नको, म्हणून पाठच करून ठेवलेत हो मी." मी हसले. जुडीतला किडका पालक मात्र दाखवला नाही.

अडचण अशी होती की आमच्याकडे रात्रीचं जेवण आठ वाजता, ताजं. सासरेबुवा सकाळचं संध्याकाळी गरम केलेलं खात नाहीत. सकाळचं म्हटलं की त्यांच्या तोंडावर असा भाव येतो, जसं काही मी ते मागच्या शतकातून उकरून आणलंय. नवरा कारखान्यातून दमून येतो आणि स्वयंपाकघरात शिरला तर फक्त मीठ कुठे आहे ते विचारायला. लेक कोचिंगमधून येते ती पुस्तकांच्या ओझ्याने निम्मी होऊन. मी शाळेतून घरी येऊन स्वयंपाक करून तालमीला जायचं, तर न्यायाधीश डोळे पुसून, पडदा पडून, लोक घरी गेलेले असणार.

मग माळ्यावरचं भांडं आठवलं. मी सासरेबुवांसमोर वकिली केली. म्हटलं, बाबा, हे सकाळी केलेलं नसेल, सकाळपासून होत असेल. आठला झाकण उघडेल तेव्हाच ते तयार झालेलं असेल, म्हणजे ताजं. त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाले, एक बुधवार बघू. खाण्यालायक निघालं तर दर बुधवारी चूल बंद आणि मी तालमीला मोकळी. सकाळचं लागलं, तर नाटकाचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, मंजूर. तसंही बुधवारी आमच्याकडे कोंबडी होतेच, म्हणून वारही शुभ होता.

मंगळवारी राजमा भिजवून कुकरला लावून मऊ करून ठेवला. बुधवारी सकाळी भांड्यात आधी कांदा, त्यावर कोंबडीचे मोठे तुकडे, मग टोमॅटो, राजमा, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, भरपूर लसूण, जिऱ्याची पूड, लाल तिखट. जाऊने सांगितलेला ओरेगॅनो कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या पुड्या आमच्या खणात जन्मभर साठत आल्यात. त्या दिवशी मी इतक्या पुड्या फोडल्या की शेवटी कात्रीने हात टेकले. मिठाची चिमूट टाकली, झाकण ठेवलं, ट्रान्सफॉर्मरला जोडलं, बटण फिरवलं. फोडणी नाही, चुर्र नाही, काहीच नाही. आंघोळ न करता देवळात गेल्यासारखं वाटलं.

सासरेबुवांना बजावलं, की झाकण उघडायचं नाही, ढवळायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. ते म्हणाले, "अगं, मी स्वयंपाकघरात येतो का कधी?" ते खरंच होतं. मी निर्धास्त शाळेत गेले.

दुसऱ्या तासाला सातवीला शिकवत होते. वीज गेली, वर्गातला पंखा थांबत आला, आणि त्या पंख्याबरोबर माझं काळीजही थांबत आलं. मेन.

आमच्या घराचा एक नियम आहे आणि तो गुरुत्वाकर्षणाहून जुना आहे. घरातून शेवटी निघणारा माणूस मेन स्विच खाली ओढून निघतो. कारखान्यात काम सोडून जाताना मशीन चालू ठेवणं हा गुन्हा, आणि सासरेबुवांच्या मते आपलं घर हेही एक मशीनच. म्हणून रोज सकाळी ते बागेत मित्रांच्या कट्ट्यावर निघाले की फ्रिजसकट अख्खं घर गप्प होतं. आमचा फ्रिज अर्धवेळ नोकरी करतो. आमच्याकडे आईस्क्रीम खात नाहीत, पितात. हा नियम माझ्या अंगात इतका मुरलेला, की टेक्सासच्या भांड्यासाठी मी सगळं सांगितलं, फक्त तेवढं सांगायचं राहिलं. श्वास घ्या असं कोणी कोणाला सांगून जातं का?

फोन केला. लागेना. लागणार कसा? ते फोन घरी चार्जिंगला लावून जातात आणि मग चार्जिंगचाच मेन बंद करतात, म्हणून तो बहुतेक मेलेलाच असतो. मुख्याध्यापिकेला काहीतरी सांगितलं, बहुतेक कोणीतरी गंभीर आहे असं, आणि ते खोटंही नव्हतं. स्कूटी घराकडे, अयोध्या नगरकडे, अशी सोडली की गतिरोधकांनी मान खाली घातली. वाटेत मनात चार इमलीच्या बाई माझा काळा कोट घालून आरशासमोर उभ्या होत्या आणि कोट त्यांना छान बसत होता.

दार उघडलं. आतून घरघर ऐकू आली, ट्रान्सफॉर्मरची. स्वयंपाकघरात सासरेबुवा जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून भांड्यासमोर बसले होते. पेपर उघडा, चष्मा कपाळावर, पाठ ताठ. जसा एखादा माणूस दवाखान्यात खाटेशेजारी बसतो तसे.

मी विचारलं, तुम्ही कट्ट्यावर गेला नाहीत? म्हणाले, गुडघा जरा कुरकुरत होता. आणि हा तापतोय की काय ते बघायला नको का, म्हणत त्यांनी ट्रान्सफॉर्मरला पंजा लावून दाखवला.

मी खाली पाहिलं. त्यांच्या पायांत फिरायला जायचे बूट होते. हा माणूस उंबऱ्याच्या आत चप्पल आणणाऱ्या पाहुण्याकडे असा बघतो की पाहुणा आपोआप अनवाणी होतो. तोच माणूस बूट घालून माझ्या ओट्यापाशी बसला होता, आणि एका बुटाला बागेची लाल माती लागलेली होती. मायक्रोवेव्हवर त्यांनी एक पंचा वाळत टाकला होता. पंचा कोरडा होता. त्याच्या आडून घड्याळाचा हिरवा आकडा लुकलुकत होता, वीज जाऊन आली की लुकलुकतो तसा.

म्हणजे मेन ओढून ते निघाले होते. बागेच्या फाटकापर्यंत पोचले होते. तिथे त्यांना आठवलं, आणि ते कट्टा सोडून, गुडघा कुरकुरत असताना, बुटांसकट धावत परत आले होते. आणि आता पुन्हा विसर नको म्हणून राखण करत बसले होते.

मी पंच्याकडे पाहिलं. त्यांनी मी पाहिल्याचं पाहिलं. मी काचेच्या झाकणाला हात लावला, गरम होतं, आतून घाम आला होता. विजेची जी काही मधली गैरहजेरी झाली ती बागेच्या फाटकापर्यंत जाऊन येण्याएवढीच होती.

"झाकण नाही ना उघडलंत, बाबा?"

"मी स्वयंपाकघरात येतो का कधी?" ते स्वयंपाकघरात बसून म्हणाले, आणि पेपर वर धरला.

मी तशीच शाळेत परत गेले आणि तिथून तालमीला. मंडळाच्या हॉलमध्ये पुढच्याच खुर्चीत चार इमलीच्या बाई मांडीवर संहिता घेऊन बसल्या होत्या, आणि माझ्या ओठांकडे बघत प्रत्येक वाक्य स्वतःही पुटपुटत होत्या. शेवटच्या भाषणात एक वाक्य आहे, की मायलॉर्ड, हा माणूस चुकला, पण चूक कळताच तो धावत परत आला. आधी वाचताना ते मला गुळगुळीत वाटायचं. त्या संध्याकाळी ते म्हणताना मला बूट दिसले, आणि आवाज असा काही घोगरा झाला की चहावाला कप धुवायचा थांबला. न्यायाधीश झालेले उत्साही गृहस्थ वेळेआधीच डोळे पुसू लागले. दिग्दर्शक एवढंच म्हणाले की कोटाचं माप उद्या देऊन ठेवा. पुढच्या खुर्चीतली संहिता हळूच पिशवीत गेली.

पण घरचा निकाल बाकी होता. आठला पोचले. नवरा हातपाय धुऊन टेबलाशी. लेकीने पोळ्या लाटल्या होत्या आणि त्यांतल्या एकीचाही आकार दुसरीशी बोलत नव्हता. मी झाकण उचललं. आधी जिरं आलं, मग लसूण, मग भाजलेल्या टोमॅटोसारखा काहीतरी आंबट-गोड वास, आणि तो थेट खिडकीतून बाहेर गेला. गल्लीतली कुत्री बसल्या जागी उठून उभी राहिली. कोंबडीला काटा लावला तर ती शरण आली, धागा धागा सुटी. वर लिंबू पिळलं, कोथिंबीर टाकली, बाजूला घट्ट दह्याचा चमचा. पोळीत भरून गुंडाळायची आणि रस कोपरापर्यंत पोचायच्या आत संपवायची.

लेकीने पंचा काढून मायक्रोवेव्ह उघडला आणि म्हणाली, "आजोबा, इसकी घड़ी ब्लिंक कर रही है. लाइट गई थी क्या?"

सासरेबुवांचा घास हवेत थांबला.

"हो गं," मी म्हटलं. "गेली होती थोडा वेळ. शाळेतही गेली होती."

घास तोंडात गेला. दुसरी पोळी घेतली. तिसरी घेतली. भांड्याच्या तळाशी चमचा खरवडला तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी देवाकडे. मग पाणी प्यायले, मिशी पुसली, आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणाले, "हे सकाळचं नाही."

खटला संपला. पण माझ्या मनात एक खुटखुट राहिलीच होती. दर बुधवारी ते काही खुर्ची टाकून बसणार नव्हते. कट्टा बुडवला की त्यांचे मित्र त्यांच्याबद्दल असं काही बोलतात की कान गरम होतात. आणि मेन चालू ठेवून घर सोडा असं त्यांना सांगणं म्हणजे सूर्याला सांगणं, की आज जरा राहू दे.

रविवारी सकाळी खटपटीने जाग आली. सासरेबुवा स्टुलावर उभे, नवरा स्टूल धरून, आणि खाली वायरींचं जंगल. दुपारपर्यंत मेनच्या डब्याशेजारी एक नवा छोटा स्विच बसला, मेनच्या आधी जोडलेला, त्याची स्वतःची वेगळी वायर थेट ओट्यापर्यंत. मेन ओढला की घर गप्प, पण तेवढा एक प्लग जागा. फ्रिजने आशेने पाहिलं. त्याला काही मिळालं नाही.

पुढच्या बुधवारी मी भांडं लावलं आणि निघाले, तेव्हा ते बूट चढवत होते. त्यांनी मेन खाली ओढला. घर शांत झालं. नवा स्विच तसाच वर होता, आणि त्यावर कारखान्यात टांगतात तशी पिवळी पाटी दोऱ्याने बांधलेली होती. लाल रंगात, त्यांच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं:

बंद करू नये. तालीम चालू आहे.

आम्ही दोघं बाहेर पडलो, त्यांनी दार ओढून घेतलं. आत भांडं आपलं गुमान शिजत होतं.