गोविंदरावांचा चौथा खांदेकरी

मी गोविंदरावांना खांदा दिला नाही.

आज त्यांचा स्मृतिदिन. माझं वय अठ्ठ्याण्णव, बोटं थरथरतात, म्हणून नात टाईप करते आहे. तिला सांगून ठेवलंय, मध्ये काही विचारायचं नाही.

स्वराज्य यायला वर्ष-दीड वर्ष होतं. नागपुरातल्या एका मिशनच्या कॉलेजात गोविंदराव हेडक्लार्क होते आणि मी एकोणीस वर्षांचा ज्युनिअर. नोकरी त्यांनीच लावून दिली होती.

ख्रिस्ती कॉलेजातली नोकरी कशी होती, असं कोणी विचारलं की मी म्हणतो, छान होती. ते खोटं नाही. शिस्त होती, साहेब कधी आवाज चढवत नसत.

पण रोज सकाळी हॉलमध्ये प्रार्थना असायची. आम्ही हिंदू कारकून मागच्या बाकावर, हात कुठे ठेवावेत ते न कळून बसलेले.

आणि संध्याकाळी महाल भागातल्या घरी आलो की आई ओसरीवरच अडवायची. ऑफिसचे कपडे तिथंच काढायचे, अंघोळ करायची, मग आत.

तिथं परका, इथं विटाळलेला. असे दिवस चालले होते.

गोविंदराव मात्र कॉलेजच्या माठातलं पाणी बिनधास्त प्यायचे. तो माठ डॅनियल चपराशी भरायचा. मी घरून तांब्या न्यायचो, त्यावरून ते माझी खेचायचे.

“काय गा, काम करून राहिला का तांब्याले पहारा देऊन राहिला?”

प्रिन्सिपलसाहेब विलायतेचे. मराठी पुस्तकी, पण आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांची सहा वर्षांची मुलगी ऑफिसात येऊन गोविंदरावांच्या टेबलाखाली बसायची. ते तिला रद्दी फॉर्मांच्या होड्या करून द्यायचे.

ती घटसर्पानं दोन दिवसांत गेली.

पेटी उचलताना गोविंदराव पुढे झाले. कोणी बोलावलं नव्हतं. दफनभूमीपर्यंत चालत गेले, मूठभर माती टाकली आणि सगळ्यांदेखत रडले.

दुसऱ्या दिवशी आळीभर बोभाटा. ब्राह्मणानं ख्रिस्त्याच्या पेटीला खांदा दिला! जातीतले वडीलधारे त्यांच्या घरी आले. म्हणाले, प्रायश्चित्त घ्या आणि विषय संपवा.

“काहून घेऊ?” गोविंदराव म्हणाले. “लेकरू होतं थे. लेकराले उचललं, त्याचं काय प्रायश्चित्त घेऊ?”

झालं. वाळीत टाकलं.

भटजी यायचे बंद झाले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, विहिरीवर आल्या की बाकीच्या बायका भरलेली असो की अर्धी, घागर उचलून निघून जायच्या. आमची आईसुद्धा.

आठ-दहा महिन्यांनी त्यांना विषमज्वर झाला. मी एकदा मागच्या दारानं भेटायला गेलो. हो, मागच्याच दारानं. अंगात तापाची फणफण होती, तरी माणूस मजेत हिशेब करत होता.

“भाऊ येते मौद्याहून. मेहुणा येते. डॅनियल येतोच म्हणते. तीन झाले. चौथा कोण गा?”

“असं काहून बोलता? बरे व्हाल तुम्ही.”

“थे सोड. चौथा सांग.”

“मी आहे ना,” मी म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

चौथ्या दिवशी सकाळी गोविंदराव गेले.

माझ्या बहिणीला, कुसुमला, उमरेडचं स्थळ आलं होतं. सुपारी फुटायची होती. बाबा एवढंच म्हणाले, “तू त्या तिरडीले हात लावला तं हे लग्न मोडलंच समज. पोरगी घरात बसन. चालते तुले?”

थोड्या वेळानं डॅनियल मला बोलवायला आला. रस्त्यावरूनच हाक मारली. बाबा बाहेर गेले आणि म्हणाले, “नाही थो घरी.”

मी आत होतो. अंगात सदरा, खांद्यावर पंचा, जायची तयारी करून बसलेला.

बाबांनी कोंडून ठेवलं होतं, असं मी पुढे लोकांना सांगत आलो. दार उघडंच होतं.

बऱ्याच वेळानं अंत्ययात्रा आमच्या घरावरून गेली. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. चौथा खांदा प्रिन्सिपलसाहेबांचा होता. अनवाणी, डोक्यावर टोपी नाही. बाकी तिघं बुटके, म्हणून तिरडी कलू नये यासाठी तो उंच माणूस गुडघ्यात वाकून चालत होता. गंगाबाई घाटापर्यंत तसाच गेला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. साहेबांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याभरात त्यांनी मला गोविंदरावांच्या टेबलावर बसवलं आणि रिटायर होईपर्यंत मी तिथंच बसलो.

कुसुमचं लग्न झालं. सुखाचा संसार केला तिनं. तिला हे मी कधी कळू दिलं नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली, म्हणून आज लिहितो आहे.

काकू पुढे मौद्याला दिरांकडे राहिल्या. सात-आठ वर्षांनी मुलाच्या ॲडमिशनसाठी कॉलेजात आल्या. मी उठून उभा राहिलो, फॉर्म भरून दिला, चहा मागवला. रागावल्या असतील असं वाटत होतं, पण त्या मायेनंच बोलल्या. आई कशी आहे, पोरंबाळं किती, सगळं विचारलं.

निघताना म्हणाल्या, “त्या दिवशी लई वाट पाहिली गा तुझी. साहेब आले होते, म्हणत होते मी लागतो. पण मीच उचलू देल्लं नाही. म्हटलं, पोरगा कुठं बाहेर गेला असन, येईल. त्यानं ह्याईले शब्द देल्ला आहे.”

मग म्हणाल्या, “तू गावात नव्हता ना?”

मी म्हणालो, “नव्हतो, काकू.”

गोविंदराव, तुमच्या आठवणीपुढे आज डोकं टेकतो. क्षमा मागायचं तोंड मला नाही.