स्टेजवर नेसायची जुनी साडी

"ही साडी सोड," मॅडम म्हणाल्या. "हिच्यात तू गरीब वाटत नाहीस."

आम्ही हॉलच्या बायकांच्या संडासात उभ्या होतो. वसई स्टेशनजवळचा लग्नाचा हॉल, आज कंपनीच्या मीटिंगसाठी घेतलेला. बाहेर खुर्च्या भरत होत्या. माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. माझ्या अंगावरची हिरवी साडी माझी स्वतःची होती, धाकट्या दिराच्या लग्नात घेतलेली. इस्त्री करून नेसले होते. अंबाड्यावर आमच्याच वाडीतल्या मोगऱ्याचा गजरा होता.

मॅडमनी प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरी साडी काढली. मी ती ओळखली. त्यांच्या गॅलरीत कुंड्यांवर ऊन येऊ नये म्हणून बांधलेली असायची. विरलेली, काठाला मातीचे डाग.

"ही नेस. गजरा काढ. बांगड्या पण काढून ठेव."

"का?"

"अगं, आज तुझी गोष्ट आहे ना. आधी तू कशी होतीस ते लोकांना दिसायला नको? बोलून झालं की माझी सिल्कची देते. ती नेसून परत स्टेजवर यायचं. टाळ्या बघ किती पडतात."

मग त्यांनी मला माझी गोष्ट शिकवली. नवरा दारू पितो. मारतो. घरात चूल पेटत नव्हती. मुली उपाशी झोपायच्या. मग मॅडम भेटल्या, कंपनी भेटली, दिवस पालटले.

"आणि आज पाणी म्हणू नकोस. पानीच म्हण."

माझं माहेर मिठागराकडचं. तिकडे आणि सासरीही सगळे पानीच म्हणतात. याच मॅडम वर्षभर मला टोकत होत्या, "पाणी म्हण, लोक हसतात." मी मेहनतीने जीभ वळवली होती. आज तीही मागे फिरवायची होती, कारण आज लोकांनी हसायचं नव्हतं, रडायचं होतं.

मी साडी बदलली. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. चार माणसांत माझा आवाज बसतो, तो लहानपणापासून. चौथीनंतर शाळा सुटली त्याचं मला वाईट वाटलं, पण आता कुणी उभं करून काही विचारणार नाही, म्हणून थोडं बरंही वाटलं होतं.

माझी हिरवी साडी घडी करून मॅडमच्या पिशवीत गेली. गजरा बेसिनवर राहिला.

खरी गोष्ट वेगळी आहे. ती इथे लिहिते.

आम्ही वसईजवळच्या उमेळ्याचे. आमची वाडी आहे. पूर्वी मोठी होती. वाटण्या झाल्या, बिल्डिंगी आल्या, आता थोडी उरली. वांगी, वाल, पालेभाजी, बांधाला केळी, विहिरीजवळ मोगरा. माझा नवरा पहाटे उठून शिंपणं करतो. दारूचा त्याला वास सहन होत नाही. लग्नात वऱ्हाडी पिऊन आले की हा उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसतो. सगळे त्याची थट्टा करतात. माझ्या मुली एक दिवसही उपाशी झोपल्या नाहीत. आम्ही श्रीमंत नाही. पण भुकेची गोष्ट आमच्या घरची नाही.

मी टोपली घेऊन नवीन बिल्डिंगींत भाजी विकायला जायचे. मॅडम तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या बिल्डिंगचा टँकर आमच्याच गावच्या विहिरीवर भरायचा. एकदा वांगी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तू सगळ्या दारांत जातेस. भाजीबरोबर हे पण ने." साबण, भांड्यांचं लिक्विड, टूथपेस्ट आणि ताकदीची पावडर.

मी हो म्हटलं. मला माझ्या नावाचं काहीतरी हवं होतं. वाडी सासऱ्यांची, घर सासऱ्यांचं. कंपनीचं हे काम माझ्या नावावर असणार होतं.

आणि मला ते जमलं. बोलता न येणाऱ्या बाईला विकता येतं, हे मलाही नवीन होतं. मी फार बोलायचेच नाही. घरी वापरून बघितलेली वस्तूच टोपलीत ठेवायची, एवढंच. लिक्विड चांगलं होतं, थोडंसं पुरायचं. पावडर मी सासऱ्यांना डबा संपेपर्यंत दिली. काही फरक नाही, उलट पोट बिघडलं. म्हणून पावडर कुणी मागितली की मी सांगायचे, "ही नका घेऊ."

मॅडम चिडायच्या. पावडरीला पॉइंट जास्त, आणि पॉइंटांवर त्यांचं कमिशन.

"तुला विकायला कोण सांगतंय? बायका जोड," त्या म्हणायच्या. "साबण विकून कुणी मोठं झालंय का? तुझ्या खाली दहा बायका बसव, त्यांच्या खाली दहा. मग तू नुसती बसून खाशील."

मला कळायचं नाही. सगळ्याच बसून खाणार तर साबण घेणार कोण? एकदा मी हे विचारलं. मॅडम हसल्या आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना म्हणाल्या, "बघा, चौथी पास मला धंदा शिकवते." दोघी हसल्या. मी टोपली उचलून खाली आले. जिन्यात डोळे पुसले आणि पुढच्या बिल्डिंगमध्ये गेले.

तर असं वर्ष गेलं आणि हॉलचा दिवस आला. "पाहुणे आण, तू स्टेजवर जाणार आहेस," एवढंच मॅडमनी आधी सांगितलं होतं. म्हणून मी घरच्यांना आणलं. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला. नणंद आली, तिच्या शेजारच्या दोघी आल्या. पुढच्या खुर्च्या धरून बसले होते सगळे. मी काय बोलणार, त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही त्या संडासात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आधी कंपनीचे कोट घातलेले सर बोलले. मग मॅडम. "आता माझ्या एका गरीब बहिणीला बोलावते," म्हणाल्या. स्वतःच्या घरात मला कधी दाराच्या आत घेतलं नव्हतं. भाजी उंबऱ्याबाहेर मांडायची, पैसे त्या उंबऱ्यावर ठेवायच्या. इथे एकदम बहीण.

मी त्या साडीत स्टेजवर गेले. नवऱ्याने मला बघितलं. आधी त्याने ओळखलंच नाही. मग तो खुर्चीतून अर्धा उठला. त्याला वाटलं, मला काही लागलं, पडले-बिडले, कुणी काही केलं. तो तसाच अर्धवट उभा, तोंड उघडं.

त्या माणसाला समोर बसवून मी म्हणायचं होतं, हा पितो, हा मारतो.

मॅडम मागून कुजबुजल्या, "सुरू कर. नवरा दारू..."

माईक हातात होता. मी म्हटलं, "माझा नवरा दारू पीत नाही. तो बघा, तिथे उभा आहे."

खुर्च्यांतल्या माना त्याच्याकडे वळल्या.

"ही साडी माझी नाही. ही ह्यांच्या कुंड्यांवरची आहे. माझी साडी ह्यांच्या पिशवीत आहे."

सर उठले. मला आणखी काय बोलायचं ते सुचेना. मग जे रोज दारोदार बोलत होते तेच तोंडात आलं.

"लिक्विड चांगलं आहे. पावडर घेऊ नका."

कुणीतरी माईक बंद केला. लगेच मोठ्याने गाणं लागलं. मागच्या रांगेत कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, त्या कशासाठी होत्या मला माहीत नाही. मी उतरले आणि मधल्या वाटेने चालत बाहेर आले.  ह्या वेळी आवाज बसला नव्हता.

बाहेर नणंदेने बाटली पुढे केली. "वहिनी, पानी पी पयले." मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, तू जरा पीत असतास तर आज आमची वहिनी मोठी झाली असती कंपनीत."

तो हसला नाही. म्हणाला, "तुझा गजरा कुठाय?" 

दुसऱ्या दिवशी मी ती साडी धुतली, वाळवली आणि मॅडमच्या दारात नेऊन दिली. माझी परत मागितली. त्यांनी ती आतून आणली, उंबऱ्यावर ठेवली.

"तुला माणसांत आणायला बघत होते मी," त्या म्हणाल्या. "तुझी लायकीच भाजीची."

मी साडी उचलली. म्हटलं, "मी माणसांतच होते, मॅडम. आणि भाजी मी उद्या पण आणणार आहे ह्या बिल्डिंगमध्ये. तुमच्या दारात नाही थांबणार."

आणि आणली. बाकीच्या दारांनी घेतली.

त्यानंतर खूप कंपन्या आल्या. वसई-विरारमध्ये त्या वेळी दर बिल्डिंगीत एक तरी प्लॅन सांगणारा होता. मी कुणाला हाकललं नाही. ओटीवर बसवायचे, चहा द्यायचे आणि विचारायचे. कुणालाच जोडलं नाही, नुसतं विकलं, तर मला काय सुटतं? एक जण हसून म्हणाला, "ताई, विकायचं नसतं, जोडायचं असतं." त्याचा चहा संपला की त्याला वाट दाखवली. बाकीच्यांना पुढचं विचारायचे. माझं वांगं किडकं निघालं तर मी दुसऱ्या दिवशी बदलून देते, तुम्ही देता का? महिनाभर घरी वापरल्याशिवाय मी विकणार नाही, चालेल? आणि शेवटी, स्टेजवर काय बोलायला लावता?

ह्या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक सगळे अडखळले.

एकच बाई आल्या, त्या सरळ बोलल्या. "विकलंत तर मिळेल. नाही विकलंत तर काही नाही. बिघडलेलं परत घेऊ." त्यांचं मी घेतलं. आजही टोपलीत भाजीच्या शेजारी त्यांचा साबण असतो. लोक माझ्याकडून घेतात, कारण मी नको म्हणते तेव्हाही खरं बोलते. माझ्याबरोबर काम करायला बायका येतात. त्यांना मी सांगते, आधी वापरा, मग माझ्याबरोबर चार दारं फिरा, पटलं तर करा. घरातल्या कुणाची बदनामी करावी लागत असेल तर त्या कंपनीचा साबणसुद्धा अंगाला लावू नका.

मध्यंतरी त्या सरळ बोलणाऱ्या बाईंच्या कंपनीच्या साहेबांनीही बोलावलं. "मीटिंगमध्ये तुमची स्टोरी सांगा, ताई. थोडं दुःखाचं असेल तर बरं."

मी म्हटलं, "येते. माझी हिरवी साडी नेसून येते. साबण कसा विकते ते सांगते. पानी म्हणायचं की पाणी, ते माझं मी बघेन. मधे कुणी काही सुचवलं तर माईक ठेवून निघून येईन."

त्यांनी परत बोलावलं नाही.

नाही बोलावलं तर नाही. जे माझ्या घरात घडलं नाही ते मी सांगणार नाही. आणि जे घडलं, ते कुणाला विकायला देणार नाही.