चौथी बाजू

आप्पा गेल्यावर पंधराव्या दिवशी आम्ही त्यांचा ऊस चारही बाजूंनी पेटवला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

आप्पा माझे थोरले चुलते. फौजेतून रिटायर होऊन कराडजवळच्या आमच्या गावी शेती करायचे. लहानपणी मला दमा इतका होता, की पहिली-दुसरीला मी शाळेत गेलेच नाही. अक्षरं, पाढे, पृथ्वी गोल आहे, सगळं घरी आप्पांनी शिकवलं.

तोडणी लवकर उरकावी म्हणून आमच्याकडे उभा ऊस पेटवतात, पाला जळून जातो. आप्पाही पेटवायचे. उगाच त्यांना देव करायचं नाही मला.

पण आधी रिकामा डबा बडवत बांधावरून फिरायचे. "निघा रं गड्यांनो, निघा!" ससा, मुंगूस, साप, सगळ्यांना एकच हाक.

मग तीन बाजूंनी काडी. चौथी, ओढ्याकडची, मोकळी.

"आप्पा, चौथी कशाला सोडता?"

"मग त्यांनी जायाचं कुठनं? तुझ्या दारातनं?"

शेवटच्या आजारपणात ते एक सायन्स फिक्शन कादंबरी वाचत होते. सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनातून मीच आणलेली. माणसं दुसऱ्या ग्रहावर उतरतात. तिथले शांत, मुके जीव त्यांना पहिल्या हिवाळ्यात जगवतात.

शेवटची दोन प्रकरणं उरली आणि आप्पांना हॉस्पिटलमध्ये हलवलं.

"शेवट काय झाला गं?"

मी वाचला नव्हता. तरी मी म्हणाले, "चांगला आहे. माणसं सुधारतात."

आप्पा हसले. हसता हसता खोकला आला. "मग त्यो लेखक आपल्या गावाला कवा आलेला दिसत न्हाई."

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी ऊसतोड टोळी आली. दादा, म्हणजे आप्पांचा मुलगा, काडी घेऊन ओढ्याकडच्या बांधावर निघाला.

"दादा, ती बाजू सोड ना."

"टोळीला फुडच्या रानात जायाचंय. तू गाडीत बस, धूर लागंल."

मी बसले. काचा वर. इनहेलर हातात.

एक ससा बांधापर्यंत आला. तिथेही जाळ. क्षणभर थांबला, वळला आणि परत आत गेला.

मी काच खाली केली नाही.

त्याच आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. आप्पांचा फोटो, खाली 'निसर्गप्रेमी'.

तो मजकूर मी लिहून दिला होता. शुद्धलेखन दोनदा तपासून.

आज दुपारी ती कादंबरी संपवली. माणसं ते सगळे जीव संपवतात. राग कुणालाच नसतो, फक्त जागा हवी असते. मग त्याच जीवांचं संग्रहालय बांधतात आणि शाळेच्या सहली नेतात.

आपल्याला दुष्ट व्हावंही लागत नाही. नुसती घाई पुरते.

आणि माझ्यासारखी कुणीतरी, काचेआड बसलेली.

गुरुवारी पुन्हा टोळी येतेय. चौथी बाजू सोड म्हणून दादाला फोन केला.

"पुस्तकं वाचून शेती हुती व्हय गं?" म्हणाला आणि फोन ठेवला.

दादा, तू ही पोस्ट वाचशील. चिडशील. चिड.

पण गुरुवारी ओढ्याकडच्या बांधावर मी उभी असेन. मास्क लावून, इनहेलर घेऊन. तिथून हलणार नाही.

आप्पा, नमस्कार.

श्रद्धांजली हा शब्द मी गुरुवारपर्यंत राखून ठेवतेय.