डॅशच्या आतला गुलाबी ठिपका

गेली बावीस वर्षं मी रत्नागिरीत गाड्यांच्या एसीचं काम करतो. गॅस, प्रेशर, टेंपरेचर... ज्याचा आकडा मीटरवर दिसतो तेवढंच खरं, अशा धंद्यात आयुष्य गेलं. लोकांचे असले अतर्क्य अनुभव बायको मोठ्याने वाचून दाखवायची तेव्हा मी जेवता जेवता हसायचो आणि लिहिणाऱ्याने एकदा डोळे तपासून घ्यावेत म्हणायचो. त्यामुळे आज मला कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

हे माझ्या दादाबद्दल आहे. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, मला बाबू म्हणायचा. वडील लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. तो बोटीवर होता – जहाजावरची कोल्ड स्टोरेजं आणि एसी सांभाळायचं त्याचं काम. सुट्टीवर आला की मला अंगणात बसवून जुना कॉम्प्रेसर उघडायला लावायचा. हा धंदा मला त्यानेच शिकवला, आणि धंद्याबरोबर एक खोडही लावली. एकदा सोडलेला स्क्रू परत घट्ट बसवला की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका मारायचा. ठिपका म्हणजे इथलं काम झालं, पुन्हा बघायला नको. ठिपका नाही म्हणजे इथे कुणाचा हात लागलेला नाही. दादा वहिनीची फिक्कट गुलाबी बाटली पळवायचा, त्यावरून घरात त्याची भरपूर चेष्टा व्हायची. मी पुढे लाल वापरायला लागलो. माझ्या गॅरेजमध्ये लाल सोडून दुसरा रंग कधी आलेला नाही, हे लक्षात ठेवा.

दादाने बोट सोडायच्या आधी मुंबईहून एक गाडी आणली होती. जुनी, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी लाल स्पोर्ट्स कार. रिटायर झालो की हिच्यातून फिरेन म्हणायचा. रिटायर झाला आणि दोन वर्षांत त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. मांडवीच्या घरी, समुद्र पावलांवर असताना, दादा एका खोलीत एसी लावून पडून. जरा उष्मा झाला की श्वास लागायचा. शेवटी शेवटी उठून बसता यावं म्हणून मी मिरकरवाडा बंदरातून मासेमारीच्या जाळ्याची बारीक हिरवी दोरी आणून दिली होती. त्याने ती स्वतः तीन पदरी वळली आणि पलंगाच्या पायथ्याला बांधली. ती धरून तो उठायचा.

मार्चमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. त्याच संध्याकाळी दादा मला म्हणाला, एकदा लाल गाडीतून जयगडला जाऊ. आरे-वारेच्या रस्त्याने जायचं, बंदराबाहेर बोटी लागलेल्या असतात त्या बघायच्या आणि परत यायचं. डॉक्टर म्हणाले, गाडी थंडगार असेल तर न्या. माझी रोजची गाडी थंड होती. पण दादाला हीच हवी होती, आणि हिचा एसी म्हणजे नुसता पंखा.

गाडी गॅरेजला आणली. खाऱ्या हवेने कंडेन्सरचा भुगा झाला होता, तो बदलला. पाइपांचे रबर बदलले, व्हॅक्यूम काढला, तासभर धरून ठेवला, सुई हलली नाही, म्हणजे गळती नाही. गॅस तोलून भरला. दोन्ही मीटर बरोबर, आतला पाइप बर्फासारखा, आणि तरी जाळीतून येणारी हवा एकोणीस डिग्री, हवी होती सहा-सात! हीटरची नळी चिमटा लावून बंद केली, फरक नाही. मग पुढच्या काचेखाली बाहेरची हवा घेणारी जाळी असते तिच्यावर टेप मारून पाहिली, तर दोन डिग्री उतरले आणि थोड्या वेळाने पुन्हा चढले.

दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने डोळेही उघडले नाहीत. म्हणाला, "बाहेरची हवा घेणारी झडप उघडी राहतेय. बिजागर तुटलं असेल. डॅश काढ."

मला ते आधीच कळलं होतं. त्या गाडीत ती झडप ब्लोअरच्या वर, पार आत आहे. अख्खा डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय तिथे बोटही पोचत नाही. तीन दिवसांचं काम, आणि तीस वर्षांचं प्लास्टिक हात लावला की मोडतं. मे महिन्यात माझ्याकडे गाड्यांची रांग होती. ही सगळी कारणं मी बायकोला सांगितली आणि ती खरीही होती.

पण खरं कारण वेगळं होतं, ते आज पहिल्यांदा लिहितोय. दादा त्या फेरीसाठी थांबलाय, असं माझ्या मनाने घेतलं होतं. रोज संध्याकाळी मी गेलो की पहिला प्रश्न गाडीचा. गाडी झाली, फेरी झाली, की त्याला थांबायला काही उरणार नाही... म्हणून मी गाडी होऊ दिली नाही. एवढा मोठा मेकॅनिक, आणि हे माझं डोकं.

एके दिवशी त्याने सरळ विचारलं, "डॅश काढलास काय?"

"काढला. झडप बांधली. पण अजून थोडं काम आहे."

तो दोरी धरून उठून बसला. मग म्हणाला, "ठिपके मारलेस?"

"मारले."

उभ्या आयुष्यात मी दादाशी कधी खोटं बोललो नव्हतो. त्यानंतर त्याने गाडीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, सुटलो.

पुढचा गुरुवार. दुपारची तीन वाजून वीस मिनिटं. वेळ नक्की सांगतो, कारण गिऱ्हाइकाला गाडीची वेळ देण्यासाठी मी नुकतंच घड्याळ बघितलं होतं. लाल गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून मी ती रोज थोडा वेळ चालू ठेवायचो. एसी चालू, जाळीत थर्मामीटर खोचलेला, मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेलो. बाहेर शर्ट अंगाला चिकटत होता. आकडा एकोणीस.

डॅशच्या आत टक् असा आवाज झाला. दार नीट बसल्यावर होतो तसा. मी मान वर केली तर आकडा चौदा. मग अकरा... नऊ... सहा. माझ्या हातावरचा घाम थंड पडला. मी गाडीला बोटही लावलं नव्हतं.

तेव्हा मला भीतीबिती काही वाटली नाही. आनंद झाला, वेडा आनंद. अडकलेली झडप आपोआप बसली असेल, म्हटलं. आणि एका क्षणात माझी सगळी कारणं गळून पडली. आजच न्यायचं त्याला, आत्ता, ऊन कलायच्या आत! गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, शेजारची सीट मागे आडवी केली, तिच्यावर चादर घातली आणि निघालो. बाजारातल्या गर्दीत हॉर्न मारत मारत, काचा वर करून, त्याच्यासाठी सीट गार करत मांडवीला आलो.

दारात चपला होत्या. आमच्या घरी एरवी नसतात एवढ्या.

वहिनी पलंगाशी बसल्या होत्या. मला बघून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, आत्ताच गेले. सव्वातीनच्या सुमारास जागे झाले, दोरी धरून आपले आपण उठून बसले. गाडी झाली, म्हणाले. बाबूला सांग, गाडी झाली. आणि पडले, ते पडलेच."

मला फोन लावत होत्या, तो मी गाडीच्या गडबडीत गॅरेजवरच विसरलो होतो. बाहेर इंजिन चालू होतं. अर्ध्या तासाने शेजाऱ्यांनी आत येऊन विचारलं, गाडी बंद करू का?

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी डॅश काढायला घेतला. कशासाठी, विचारू नका. दादाला काढला म्हणून सांगितलं होतं, तर निदान आता तरी काढावा, एवढंच डोक्यात होतं. सोळा स्क्रू. एकेक निरखून बघितला. प्रत्येकाच्या खाचेत वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली, एकावरही ठिपका नाही – लाल नाही, गुलाबी नाही. त्या डॅशला कुणाचाच हात लागलेला नव्हता. तीन दिवस लागले. क्लिपा मोडल्या, एका कडेला चीर गेली.

आत झडप होती. बिजागर तुटलेलं, दादा म्हणाला होता तसंच. आणि झडप बंद करून दोरीने बांधलेली. हिरवी दोरी, तीन पदरी वळलेली. आजूबाजूला बोटभर धूळ आणि दोरी स्वच्छ. गाठ दादाची होती, टोक उलटं आत खोचलेली, ती मला अंधारातही ओळखू येते. गाठीवर फिक्कट गुलाबी ठिपका होता.

मी तिथेच गाडीच्या फुटलेल्या पोटात डोकं घालून रडलो.

मग घरी जाऊन पलंगाची दोरी मागितली. वहिनींनी ती गादीबरोबर बाहेर टाकून दिली होती, त्यामुळे तिचा तुकडा कमी होता की नव्हता हे आता कधीच कळणार नाही. मी स्वतःला हरतऱ्हेने समजावून पाहिलं. दादाने पूर्वी कधीतरी बांधली असेल? तर मग स्क्रूंवर ठिपके हवेत, आणि हवा एकोणीस डिग्री कशी येत होती? ती दोरी तर मीच एप्रिलमध्ये आणून दिली, तेव्हा गाडी माझ्या गॅरेजमध्ये होती. माझ्या ओळखीतल्या दोन मेकॅनिकना फोटो दाखवला. एक म्हणाला तूच बांधली असशील, दुःखात माणूस विसरतो. दुसऱ्याने फोटो मोठा करून बघितला आणि फोन मला परत दिला.

झडप तशीच बांधलेली ठेवून डॅश परत बसवला. सोळाही स्क्रूंवर ठिपके मारले. गाडी आज मांडवीला उभी आहे, चालू केली की पाच मिनिटांत सहा डिग्री. जयगडला मी अजून गेलेलो नाही. शेजारची सीट आडवी आहे, ती उभी करायला हात होत नाही.

कुणी म्हणतं, बघ, भावाने माफ केलं तुला, तुझं राहिलेलं काम करून गेला. असेल. पण तो ठिपका दादाचा असेल तर दादा त्या डॅशच्या आत होता. आणि आत होता, तर जाता जाता त्याने ते सोळा कोरे स्क्रू पाहिलेच असतील.