मांजरसुंब्याच्या फाट्यावरचा वाद

मांजरसुंब्याच्या फाट्यावर इसाकभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेची टाकी, पाण्याचं एक घमेलं आणि रस्त्याच्या कडेला उभं केलेलं जुनं टायर. टायरवर पांढऱ्या रंगात फक्त 'हवा' लिहिलंय. 'पंक्चर' लिहायला जागा पुरली नाही, आणि इसाकभाईंचं मत असं की ज्याचं चाक बसलंय त्याला वाचून दाखवायची गरज नसते.

मतांच्या बाबतीत हा माणूस श्रीमंत. गोलंदाजानं चेंडू टाकायच्या आधीच पलीकडचा फलंदाज रेष सोडून पळाला आणि गोलंदाजानं तिथंच बेल्स उडवल्या, तर लबाड कोण? इसाकभाई म्हणणार, पळणारा. टीव्हीवर एका घरात कोंडून घेऊन जे भांडतात, त्यांच्यातला जो रडून मतं मागतो त्याला पहिल्या आठवड्यात बाहेर काढावं. जुन्या गाण्याला नवा ठोका लावून विकणाऱ्याला दंड करावा. कुस्तीत हरलेल्यानं पंचाकडं बोट दाखवलं तर त्याला वर्षभर फक्त जोर काढायला लावावेत. मत तयारच असायचं, घमेल्यातल्या पाण्यासारखं, कधीही हात घाला.

पण ऐकणारं माणूस लागतं. गिऱ्हाईक यायचं, चाक उतरवेपर्यंत मोबाइल बघायचं आणि इसाकभाईंनी कितीही जोरात मुद्दा मांडला तरी मान वर न करता म्हणायचं, "बरोबर हाय चाचा." झालं. त्या तीन शब्दांनी वाद जागच्या जागी मरायचा. इसाकभाईंना त्या शब्दांचा इतका राग होता की एखादा 'बरोबर हाय' म्हणाला की त्याच्या चाकात ते हवा जरा रागानंच भरायचे.

घरी तरी कोण होतं? बायको जाहेदा जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा एकच नियम होता, जेवताना क्रिकेट नाही. आता जेवताना काहीही बोलायला मोकळीक होती, आणि समोर भिंत होती. मुलगी हुस्ना परळीला दिली. मुलगा अरमान पुण्यात मोबाइलच्या दुकानात कामाला. ईदेला फोन यायचा. तब्येत विचारायचा, पैसे पाठवू का विचारायचा आणि ठेवायचा.

या सगळ्यात इसाकभाईंचं जे काही बोलणं शिल्लक राहिलं होतं, ते एका माणसावर उभं होतं. अंबाजोगाईहून पुण्याला जाणाऱ्या एसटीचे ड्रायव्हर, अंगदराव. घाटनांदूरचा माणूस, अंगानं आडवा, मिशी पांढरी. गाडी शेजारच्या हॉटेलपुढं चहाला थांबायची. अंगदराव चहाचा ग्लास घेऊन सरळ दुकानात यायचे, पडलेल्या टायरवर बसायचे आणि म्हणायचे, "न्हाई, इसाकभाई."

काय 'न्हाई', ते नंतर ठरायचं. आधी नाही म्हणायचं, मग इसाकभाईंचं मत ऐकायचं आणि त्याच्या उलट बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. इसाकभाई पळणाऱ्या फलंदाजाला लबाड म्हणाले, की अंगदराव गोलंदाजाला. उद्या इसाकभाईंनी बाजू बदलली असती तर तेही बदलले असते. चहा संपायच्या आत कंडक्टर घंटी मारायचा. वाद अर्धाच राहायचा. अंगदराव ग्लास तिथंच ठेवून पळायचे आणि पुढच्या खेपेला टायरवर बसता बसता म्हणायचे, "तर मी काय म्हणत होतो..."

दोघांनी एकमेकांना फोन नंबर कधी दिला नाही. फोनवर काय भांडायचं? भांडायला समोर तोंड लागतं.

एक वाद मात्र काही केल्या मिटत नव्हता, आणि तो नुसता वेळ घालवायचा वाद नव्हता. मोबाइलवर जी बंदुकांची मॅच खेळतात, ती खेळ आहे की नाही?

अरमान ती खेळायचा. चौघांचा संघ होता, बाकीचे तिघे बीडचे. त्यात स्पर्धा असतात, पंच असतात, ढाल असते, लोक बसून बघतात, हे त्यानं बापाला एकदा सांगून पाहिलं होतं. एका दुपारी अंतिम सामना चालू होता. अरमान दुकानामागच्या खाटेवर बसून खेळत होता आणि इकडं मालट्रक आली, मागची दोन्ही चाकं बसलेली. इसाकभाईंनी दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही. आत जाऊन पोराच्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि हॉटेलपुढच्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोटं हलवून कुणी पैलवान झालाय का बे?"

लोक हसले. मोबाइलमधून तीन पोरांचे आवाज येत होते, 'अरमान, अरमान' म्हणून ओरडत होते. मग ते थांबले. अरमाननं लोखंडी टॉमी उचलली आणि ट्रकचं चाक खोलायला बसला. त्यानंतर आठवड्याभरात तो पुण्याला गेला.

अंगदरावांना हे कळलं तेव्हा ते नेहमीसारखं हसले नाहीत. "मॅच चालू असताना खेळाडूला मैदानातून ओढलं तुमी."

"कशाचं मैदान? खाटेवर पडलेलं होतं पोरगं! खेळ म्हणजे पडलं की गुडघा फुटला पायजे. घाम आला पायजे."

"मी काय करतो दिवसभर? बसून ऱ्हातो. डोळा आन् हात, एवढंच काम हाय माझं. गुडघा फुटला तर गाडीतली सगळी माणसं मरतील. मग मी करतो ते काम न्हाई का?"

"ते येगळं."

"कावून येगळं?"

घंटी वाजली. आणि तो 'कावून' इसाकभाईंच्या डोक्यात पुढची खेप येईपर्यंत वाजत राहिला. असं किती वर्षं चाललं कुणास ठाऊक. दुसरे वाद आले नि गेले, हा राहिला. खरं सांगायचं तर इसाकभाईंना तो आवडायचा. जगात एक माणूस होता जो अरमानची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडत होता. तो भांडत होता तोवर अरमानचं काहीतरी दुकानात शिल्लक होतं.

शेवटच्या खेपेला अंगदराव टायरवर बसले, पण 'न्हाई' म्हणाले नाहीत. चहा अर्धा झाल्यावर बोलले, "इसाकभाई, एक सांगू का? त्या पोराला..."

घंटी वाजली. अंगदराव उठले, गाडीत चढले, आणि चढताना एकदा मागं वळून बघितलं. पुढच्या खेपेला स्टेअरिंगवर दुसराच माणूस होता.

त्याचं नाव सुरज. तिशीतला, गोरागोमटा, गॉगलवाला. इसाकभाईंनी विचारलं, "डायवरसाहेब कुठं हायत?"

"मामा व्हय? रिटायर झाले की. तुमाला सांगितलं न्हाई?"

इसाकभाईंनी पाना इतक्या जोरात ठेवला की घमेल्यातलं पाणी हललं. हार नाही, पेढा नाही, निदान तोंडानं तरी सांगायचं! चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तशीही बोलायची सोय नव्हतीच, पण या वेळी त्यांनी ते स्वतःहून ठरवलं होतं.

पाचव्या दिवशी राग उतरला आणि मत वर आलं. सुरजही घाटनांदूरचाच निघाला, मामांच्या घराशेजारचा. इसाकभाईंनी त्याच्याबरोबर निरोप धाडला. "सांग त्यांना, डायवर आन् मोबाइलवाला सारखा न्हाई. डायवर चुकला तर माणूस मरतं. मोबाइलवाला मेला तरी परत उठतो. म्हणून तो खेळ न्हाई."

सुरजला गंमत वाटली. पुढच्या खेपेला तो उत्तर घेऊन आला. "मामा म्हणले, न्हाई. कबड्डीत बी मेलेला परत उठतो. मग कबड्डी खेळ न्हाई का?"

इसाकभाई मोठ्यानं हसले. ज्याचं चाक काढलं होतं ते गिऱ्हाईक दचकून वर बघायला लागलं. हे शंभर टक्के अंगदराव होते! दुसऱ्या कुणाला असं उलटं सुचणंच शक्य नव्हतं.

मग एसटीतून वाद सुरू झाला. इकडून मत जायचं, तिकडून 'न्हाई' यायचं. इसाकभाई अख्खा दिवस मुद्दा घोळवायचे, कारण एका खेपेला एकच धाडता यायचा. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "आन् सुरज, त्यांना म्हणावं, त्या दिवशी अर्धं ऱ्हायलेलं सांगा. पोराला काय?"

उत्तर आलं, "म्हणले, ते निरोपानं सांगायचं न्हाई. मी येतो एकदा. चहा मीच पाजीन."

इसाकभाईंनी अंगदराव बसायचे ते टायर पुसून ठेवलं.

दिवस गेले. कपिलधारच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी आली नि सरली. अंगदराव आले नाहीत. सुरज दोन खेपा नुसता चहा पिऊन गेला. "मामांची भेट न्हाई झाली," म्हणाला. तिसऱ्या खेपेला इसाकभाईंनी गाडीपाशी जाऊन त्याला गाठलं. "काय म्हणले? खेळ हाय का न्हाई?"

सुरजनं गॉगल काढला, पुसला, परत घातला. "म्हणले... तुमचंच बरोबर हाय, चाचा. तो खेळ न्हाई, म्हणले."

इसाकभाई तिथंच उभे राहिले. शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेली, तरी हलले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वादात जिंकले होते, आणि अंगदराव असेपर्यंत ते शक्य नव्हतं.

"कधी गेले?" त्यांनी विचारलं.

सुरजनं परत गॉगल काढला.

"मी विचारतोय, कधी गेले अंगदराव?"

"धा-बारा दिस झाले." सुरजचा आवाज बारीक झाला. "रानातून आले, दुखतंय म्हणले, आन् दवाखान्यात नेस्तोवर... चाचा, मला सांगवलं न्हाई. तुमी रोज वाट बघत होता. म्हणलं, तुमचं मन तरी ऱ्हाईल."

"मन राखायचं होतं तर 'न्हाई' म्हणायचं होतं!" इसाकभाई ओरडले. हॉटेलातले लोक वळून बघायला लागले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाई म्हणला असता तर मी अजून वाट बघत बसलो असतो."

सुरज स्टेअरिंगवर जाऊन बसला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

इसाकभाई दुकानात आले आणि त्या पुसलेल्या टायरवर स्वतः बसले. कधी बसले नव्हते. तिथून सगळं दुकान दिसत होतं, घमेलं, टाकी आणि मागची खाट. अंगदरावांना बसल्या जागी इतकी वर्षं ती खाट दिसत होती, हे त्यांना आज कळलं. अर्ध्या वाक्याचं पुढं काय असणार, हेही मग फार शोधावं लागलं नाही. ते त्यांना खूप आधीपासून ठाऊक होतं. दुसऱ्याच्या तोंडून यावं एवढंच हवं होतं.

त्यांनी मोबाइल काढला आणि अरमानला लावला. ईद नव्हती, काही नव्हतं. पोरगं घाबरलं असणार, पहिल्याच रिंगला उचललं.

घरात त्यांची दखनी उर्दू चालायची. "अब्बा? क्या हुआ? तबियत?"

"कुछ नै हुआ." वाद घालायला त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता. "अरमान, वो तेरा मोबाइल का खेल था ना. वो खेलच है रे. मैं बोलता था नै है. है वो."

पलीकडं दुकानातली गडबड ऐकू येत होती. कुणीतरी काचेचा भाव विचारत होतं. इसाकभाई थांबले. आता पोरगं चिडेल, आता बोलेल इतक्या वर्षांचं साचलेलं, 'इतनी देर से बोलरे?' म्हणून भांडेल. त्यांनी फोन कानाला गच्च लावला. त्यांना ते भांडण हवं होतं. अंगदरावांची सगळी उत्तरं त्यांच्याकडं पाठ होती, कबड्डीचंसुद्धा, आणि ती ते पोराच्या बाजूनं बोलायला तयार होते.

"छोड़ो ना अब्बा," अरमान म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "मैं तो कब का छोड़ दिया वो. तुमाराच बराबर था."

"नै रे, सुन तो. बराबर कैसा? कबड्डी में भी..."

"गिराइक है अब्बा. बाद में करतू."

फोन बंद झाला. बाहेर एक मोटारसायकल येऊन थांबली, मागचं चाक बसलेलं. इसाकभाई उठले, पाना घेतला आणि चाक खोलायला बसले. मोटारसायकलवरून उतरलेल्या पोरानं मोबाइल काढला. त्यातून बंदुकांचे आवाज येत होते.

इसाकभाईंनी बराच वेळ ऐकून घेतले. मग म्हणाले, "खेळ हाय बे तो."

"बरोबर हाय चाचा," पोरगं मान वर न करता म्हणालं.