टेंभुर्णी स्टँडवरचं कराटे

लिहायचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करतो. आमच्या मैंदर्गीच्या घरात माझ्याआधी कुणी पोस्टकार्डापलीकडं काही लिहिलेलं नाही. वाक्यं अडखळतील, माफ करा. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, खोलीतल्या पोरांना नाही. दत्तूला तर नाहीच.

सोलापुरात कॉलेजला आलो तेव्हा माझी छाती — कशी सांगू? — बनियन अंगात असला तरी दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. वसतिगृहातली पोरं येता-जाता टपल्या मारायची. अशात कराटेचा एक परदेशी सिनेमा लागला. सगळं वसतिगृह बघून आलं. दुसऱ्या दिवशी टपलीसाठी हात उठला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा हं, मी मुंबईला मामाकडं कराटे शिकलोय." मामा मुंबईला होता, एवढं खरं. गिरणीत होता.

टपल्या थांबल्या. तिथंच गप्प बसायला हवं होतं ना? पण पोरं म्हणाली, शिकवा. मला येत काय होतं? शाळेतली लेझीम! मग तीच शिकवली — हातातली लेझीम काढली, पावलं संथ केली, मधूनमधून ओरडायला लावलं. टेंभुर्णीचा दत्तू सगळ्यांत मनापासून शिकायचा. एकदा तो म्हणाला, "मास्तर, हे लेझीमवानी वाटतंय की." मी म्हणालो, "आपल्याकडूनच तर तिकडं गेलं." पोरांच्या माना ताठ झाल्या. माझीही झाली — हे जास्त वाईट.

दत्तूला कराटे हौसेसाठी नको होतं. त्याचे वडील टेंभुर्णी स्टँडवर केळी विकायचे. तिथले दोन गुंड फुकट केळी खायचे आणि जाताना वडिलांची टोपी उडवायचे. केळ्यांचं त्याला काही नव्हतं; टोपी सहन व्हायची नाही. सुट्टीत तो मला सोबत घेऊन गेला. "तुमी काय करू नका, मास्तर. नुसतं बगत ऱ्हावा."

वाटेत खरं सांगता आलं नसतं का? एसटीत शेजारीच तर बसलो होतो.

टोपी उडाली. दत्तू पुढं झाला, वाकला, डावा पाय टाकून ओरडला. एक गुंड दचकून मागं सरला — खरंच सरला. पण दुसरा म्हणाला, "आरं, ह्यो तर लेझीम खेळतंय की! हलगी आणा रं कुनीतरी!" सगळा स्टँड हसला. मग दोघांनी त्याला धुतला. "मास्तर!" — एकदाच हाक आली. आणि मी? मी सोलापूरच्या गाडीत जाऊन बसलो होतो. खिडकीपाशी, डोळे मिटून.

सुट्टी संपल्यावर हात गळ्यात बांधून तो वसतिगृहातलं सामान न्यायला आला. मी म्हणालो, "मास्तरनं हात उचलायचा नसतो." तो म्हणाला, "व्हय मास्तर. माजंच पाऊल चुकलं." कॉलेज त्यानं सोडलं.

परवा टेंभुर्णीचं एक नवं पोरगं वसतिगृहात आलं. त्याच्याकडून कळलं — दत्तूनं स्टँडमागं कराटेचा क्लास काढलाय. पोरं वाकतात, पाय टाकतात, ओरडतात. सगळ्यांत वरचा पट्टा कुणाचा, हे तो पहिल्याच दिवशी सांगतो: आपला माणूस समोर मार खात असताना जो खिडकीत डोळे मिटून बसतो, जागचा हलत नाही, त्याचा. असा माणूस त्यानं आयुष्यात एकच पाहिलाय म्हणे.