दोन भाकऱ्यांचं पीठ

कडावहून कर्जतला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात ती रोज माझ्यासमोर बसायची. मांडीवर पार्सलांची पिशवी, हातात मोबाईल. साजगावच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर तिनं तांदळाचं पीठ ऑनलाइन विकायला घेतलं होतं. नाव मी कधी विचारलं नाही.

"रोज नवा व्हिडिओ टाकतेस, सुचतं कसं गं?" मी एकदा म्हणालो.

"मला कुठं सुचतंय, काका? लोकं तक्रार करतात, तेच घेते. काल एक बाई बोलली, भाकरी फाटते. आज पानी किती गरम पायजे ते दाखवनार."

रिक्षात कोणी पिठाबद्दल काही बोललं, की ती मोबाईल तोंडाशी धरून ते बोलून ठेवायची. लोक हसायचे. तिला त्याचं काही नसायचं.

एकदा मलाही पीठ घ्या म्हणाली. मी तुसडेपणानं म्हणालो, "बायको गेल्यापासून एकटा असतो. किलोभर पिठात किडे होतील."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, ओशाळली. मग तिनं मोबाईल तोंडाशी धरला. "एकट्या मानसासाठी बारकं पाकीट."

पुढच्या आठवड्यात ते पाकीट तिनं माझ्या हातात ठेवलं. वर लिहिलं होतं, 'दोन भाकऱ्यांचं पीठ'.

"अगं, मी एकच खातो."

"म्हाईत हाय. दुसरी कोन आलं-गेलं त्याला."

त्या संध्याकाळी मी दोन्ही भाकऱ्या थापल्या आणि कितीतरी दिवसांनी शेजारच्या अप्पांना जेवायला हाक मारली.